प्रक्षेप आणि मूळ प्रत

पार्ल्यातले विद्यार्थी संगणकीय खेळांतील ‘मॉड’विषयी, म्हणजे हौशी मंडळींनी रचलेल्या भरीविषयी बोलू लागले, की आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना पाठचिकित्सा आठवते. ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले म्हणून एकनाथांनी शके 1506 मध्ये तिची प्रत शुद्ध केली. खेळांत मात्र प्रक्षेप सर्वस्वी त्याज्य नव्हे. ‘काउंटर-स्ट्राइक’ 1999 मध्ये ‘हाफ-लाइफ’चा मॉड म्हणूनच जन्मला.

प्रश्न विवेकाचा आहे. 2023 मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या काही मॉडमधून, तेही नावाजलेल्या संकेतस्थळावरून, घातक व्हायरस पसरला. तेव्हा केवळ नावलौकिकावर विसंबू नये. नवशिक्याने आधी मूळ खेळाची प्रत वेगळी जपावी, आवृत्ती जुळते का पाहावे, फाइल अँटिव्हायरसने तपासावी आणि एका वेळी एकच मॉड घालावा. तरच दोष कोणत्या भरीचा, हे उमगते. मूळ प्रत हाताशी असणाऱ्यालाच प्रक्षेपाचा आनंद निर्धास्तपणे घेता येतो.