फुकटातले सॉफ्टवेअर, मोलाची राखण

वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळसा आणि चुना यांच्यासाठी ओळखले जाते. चुनखडी जमिनीत आयती सापडते, म्हणून चुना फुकट मिळत नाही. दगड फोडणाऱ्याचे आणि भट्टीची आच सांभाळणाऱ्याचे मोल द्यावेच लागते, हे राजूरकरांना शिकवावे लागत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हा साधा हिशेब भलेभले विसरतात.

ग्रामीण संस्थांचे व्यवहार झपाट्याने संगणकावर येत आहेत. केंद्र सरकारने २०२२ साली ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेथे सॉफ्टवेअर सामायिक आहे. परंतु बिगरशेती पतसंस्था, महाविद्यालये, दवाखाने यांना आपली सोय आपणच पाहावी लागते. परवाना शुल्क नसलेले पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मारियाडीबी यांसारखे मुक्तस्रोत डेटाबेस त्यांना जवळचे वाटावेत, हे स्वाभाविक आहे. २०१५ च्या धोरणाने केंद्र सरकारनेही आपल्या कार्यालयांत मुक्तस्रोताला प्राधान्य दिले. धोरण योग्यच आहे. प्रश्न असा की, सभासदांच्या ठेवी आणि कर्जे ज्यात नोंदलेली आहेत तो डेटाबेस ऐन मार्चअखेरीस बंद पडला, तर जबाबदार कोण?

मुक्तस्रोताचा खरा लाभ शून्य किमतीत नाही. तो सेवेतील स्पर्धेत आहे. मालकीच्या सॉफ्टवेअरमधील दोष त्याचा मालकच दूर करू शकतो. मुक्तस्रोताची संहिता सर्वांस खुली असल्याने जाणकार असलेली कोणतीही कंपनी ते काम करू शकते. पुण्यातही अशी सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत. मात्र जाणकार कोण, हे ग्राहकाला आधी कळत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की, मालाची प्रत पारखता येत नसेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकून लावतो. केवळ न्यूनतम दराची निविदा स्वीकारण्याची आपली रीत याच अनर्थाला आमंत्रण देते.

तेव्हा पारख दराखेरीज अन्य कसोट्यांवर व्हावयास हवी. पहिली कसोटी वेळेची. ‘एका तासात प्रतिसाद’ आणि ‘एका तासात दुरुस्ती’ यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे; करारात यांपैकी काय लिहिले आहे, हे पाहिले पाहिजे. दुसरी कसोटी राखीव प्रतींची. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगद्विख्यात कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बचावाचे पाच उपाय योजलेले होते. त्यांतील एकही नीट चालला नाही. योगायोगाने काढून ठेवलेल्या सहा तासांपूर्वीच्या प्रतीने कंपनी तरली. प्रत घेतली जाते की नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. तिच्यातून डेटाबेस पुन्हा उभा करून दाखवण्याची तालीम ठरावीक काळाने व्हावी, अशी अट असावी. तिसरी कसोटी सातत्याची. पोस्टग्रेएसक्यूएलच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षेच सुधारणा मिळतात. त्यानंतरच्या स्थलांतराची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरले पाहिजे.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची, ती निरोपाची. मायएसक्यूएल हा मुक्तस्रोत डेटाबेस २००८ साली सन कंपनीने विकत घेतला आणि २०१० मध्ये सनसह तो ओरॅकलकडे गेला. संहिता खुली होती म्हणूनच मूळ निर्मात्याला २००९ साली मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा काढता आली. सेवा देणाऱ्याने डेटाबेसात स्वतःची गुप्त भर घातली, परवलीचे शब्द आणि राखीव प्रती स्वतःकडेच ठेवल्या, तर हे स्वातंत्र्य कागदावरच राहते. ग्राहक मग पुन्हा एका मालकाच्या दारी उभा असतो.

एवढा खर्च लहान संस्थेला कसा झेपावा, हा आक्षेप रास्त आहे. त्यावरचे उत्तर सहकारातच आहे. तालुक्यातील पाचदहा संस्थांनी मिळून एकच करार केला, एक जाणकार वणीसारख्या जवळच्या गावी नेमून घेतला, तर खर्च विभागला जाईल आणि घासाघीस करण्याचे बळही येईल.

सेवेकऱ्याशी करार जुळताना सारेच गोड बोलतात. तो मोडताना सभासदांच्या नोंदी कोणाच्या हाती राहतील, याचे उत्तर सही करण्यापूर्वी ज्या संचालक मंडळाने मागितले, त्यानेच ठेवीदारांच्या विश्वासाची खरी राखण केली असे म्हणावे लागेल.