शोकाच्या सुरांना दाराबाहेर का ठेवावे?

गेल्या पावसाळ्यात अँटॉप हिलच्या आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध सॅक्सोफोनवादकाचे दफन शिवडीच्या दफनभूमीत झाले. विधी संपल्यावर त्यांच्या दोन सोबत्यांनी ‘नाचूंया कुंपासार’ या कोंकणी चित्रपटातील एक संथ धून वाजवावी, अशी कुटुंबाची इच्छा होती. “नाचगाणे कबरीवर?” असा प्रश्न काही जणांनी केला आणि आम्ही परवानगी नाकारली. त्यानंतर या चित्रपटाच्या गाण्यांविषयी घरोघरी जी मते कानी पडली, त्यांचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमच्या स्वतःच्या मताचाही!

बार्द्रोय बार्रेटो यांच्या या चित्रपटात ख्रिस पेरी यांची १९६० व १९७० च्या दशकांतील गाणी नव्याने वाजविली आहेत. लॉर्ना कॉर्देरो यांच्या आवाजाने ती एकेकाळी घरोघरी पोहोचली होती. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला. त्यातील शोकाकुल गाण्यांत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूजचा वारसा स्पष्ट ऐकू येतो.

पहिले मत असे, की हे मद्यगृहाचे संगीत असून भाविकांच्या घरात त्याला थारा नसावा. हा आक्षेप जुनाच आहे. अमेरिकेतही धर्मनिष्ठांनी ब्लूजला सैतानाचे संगीत म्हटले. पण थॉमस डॉर्सी यांचे उदाहरण पाहा. धर्मोपदेशकाचा हा मुलगा ब्लूजचा पियानोवादक होता. १९३२ मध्ये पत्नी व नवजात बालक दोघेही दगावले, तेव्हा त्याच दुःखातून त्यांनी रचलेले प्रार्थनागीत आज जगभरच्या चर्चमध्ये गायिले जाते. सूर तेच, बोटेही तीच. मग सैतान नेमका कोठे होता? आमच्या स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला सांत्वनाची शेवटची ओळही नाही. विलाप करणाऱ्याला देवाने गप्प बसविले नाही. आम्ही कोण बसविणारे?

दुसरे मत असे, की ही परक्यांची नक्कल आहे. हे म्हणणारेच लग्नाच्या मांडवात ‘अलबेला’ची गाणी गुणगुणतात! दादर-परळच्या कामगारवस्तीत वाढलेल्या भगवानदादांचा तो १९५१ चा चित्रपट. संगीत सी. रामचंद्र यांचे, आणि त्यांच्या साथीला हळदोण्याचे चिक चॉकलेट व त्यांचा ट्रम्पेट. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची रचना सेबॅस्टियन डिसोझा करीत. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात आलेले नाव याच गुरूचे. गोव्यातील अशा कित्येक वादकांनी स्वरलिपीचे पहिले धडे धर्मग्रामाच्या शाळेत, चर्चच्या मेस्तांकडून घेतले होते. ख्रिस्तसभेने हाती दिलेले व्हायोलिन चित्रपटसृष्टीत वाजले, आणि अनेकदा पडद्यावर वाजविणाऱ्याचे नावही आले नाही. आता आम्हीच त्याला परके म्हणावे?

तिसरे मत स्तुतीचे, म्हणून अधिक फसवे. “काय ते सोन्याचे दिवस!” असे म्हणत काही जण ही गाणी ऐकतात. ‘बेबदो’ हे दारुड्याचे गाणे, आणि त्यावर आम्ही ग्लास उंचावून नाचतो. चित्रपटातील डोना विवाहित पुरुषाच्या प्रेमात पडते, एकाकी होते, दारूच्या आहारी जाते. तिची कथा पाहून जुन्या दिवसांची गोडीच तेवढी आठवत असेल, तर आमचे कान बंद आहेत असेच म्हणावे लागेल. रात्रभर वाजवून पहाटे घरी परतणाऱ्याची मुले, त्याची थकलेली पत्नी, म्हातारपणी गहाण पडलेले वाद्य, हे सारे त्या सुरांत आहे. ते ज्याला ऐकू येते, त्यानेच गाणे ऐकले.

गैरसमज नको. पवित्र मिस्सेत उपासनेचेच संगीत असावे, हा ख्रिस्तसभेचा नियम आम्हांस मान्य आहे व तो आम्ही पाळणार. परंतु त्या दिवशी मिस्सा संपली होती, कबरीवर आशीर्वादही झाला होता. उरला होता केवळ एका माणसाचा सोबत्यांनी घ्यावयाचा निरोप. नियमाचे नाव घेऊन आम्ही लोकांच्या कुजबुजीला भ्यालो. ती चूक आमची.

म्हणून येत्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, धर्मग्रामाच्या सभागृहात आमच्या जुन्या वादकांना आम्ही सन्मानाने बोलावणार आहोत. ज्यांना आक्षेप असेल त्यांनीही यावे, पुढच्या रांगेत बसावे आणि शेवटच्या सुरापर्यंत ऐकावे. मग मत द्यावे. ती धूनही त्या दिवशी वाजेल. ज्याच्यासाठी वाजवायची होती, तो मात्र ऐकायला नसेल.