नाक, नाकतोडे आणि आपण

नाक श्वास घेण्यासाठी असते, असे शाळेत शिकवतात. आम्हा पांढरपेशांचे नाक मात्र मुख्यतः मुरडण्यासाठी असते. त्यातून दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून ते मुरडण्यात जी गोडी आहे, ती स्वतःच्या ताटातल्या श्रीखंडातही नाही!

भीमाशंकरच्या वाटेवर घोडेगाव मागे टाकले की शिनोली लागते. तिथे चहा घेताना शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अहो, गडचिरोलीकडे म्हणे मुंग्यांची चटणी खातात! शी! माणसं आहेत की कोण?" गृहस्थांच्या पिशवीत सुके सोडे होते. वास सांगत होता.

आता कोळंबी म्हणजे तरी कोण? कोळंबी, खेकडा, मुंगी, नाकतोडा ही सगळी संधिपादांच्या एकाच कुळातली भावंडे. कोळंबीला पाय दहा, मुंगीला सहा. म्हणजे चार पाय जास्त असले की पक्वान्न आणि कमी पडले की किळस, हा कुठला हिशेब?

शाकाहारी मंडळींनी इथे हसू नये. मधमाशी फुलातला रस पोटातल्या पिशवीतून आणते आणि पोळ्यात ओकते. बाकीच्या माश्या तो तोंडातोंडी फिरवून आटवतात. तो आपण पंचामृतात घालतो. देवाने नाक मुरडल्याचे ऐकिवात नाही. औषधाच्या गोळीवरची चकाकी पुष्कळदा लाखेची असते, आणि लाख म्हणजे एका किड्याचा पाझर. उंबर तर फोडूनच पाहावे! अमेरिकेसारख्या टापटिपीच्या देशातही १०० ग्रॅम शेंगदाण्याच्या लोण्यात सरासरी ३० किड्यांचे तुकडे भरेपर्यंत सरकार डोळे मिटून घेते. तेव्हा, मंडळी, किडे आपण सगळेच खातो. कोणी सांगून खातो, कोणी न सांगता.

गडचिरोलीतले माडिया लाल मुंग्यांची चटणी करतात. तिचा आंबटपणा मुंगीच्या अंगातल्या फॉर्मिक आम्लाचा. चिंचेचे काम मुंगी करते. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच 'काई चटणी'ला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. युरोपने २०२१ साली सुकवलेल्या पिवळ्या अळ्यांना खाद्य म्हणून परवानगी दिली, सिंगापूरने २०२४ साली सोळा जातींच्या किड्यांना. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालात जगातल्या सुमारे दोनशे कोटी लोकांच्या आहारात किडे असल्याचे म्हटले आहे.

आता गंमत बघा. हाच किडा उद्या चकचकीत वेष्टनातून, 'प्रथिनयुक्त' असा शिक्का मारून आला, तर आपण तो पाहुण्यांपुढे मांडू आणि किंमतही सांगू. पानाच्या द्रोणातून आला की मात्र तो रानटी! म्हणजे आपली किळस किड्याची नसतेच. ती द्रोण धरणाऱ्या हाताची असते. आणि तिची किंमत मोजतो कोण? वर्गात "घरी काय खातोस रे?" असे विचारल्यावर खरे उत्तर गिळून "वरण-भात" म्हणणारा मुलगा. आईच्या हातच्या चटणीची लाज त्याला आपण शिकवतो, आणि तीही फुकट.

नसेल खायची तर खाऊ नका. आग्रह कोणी केलेला नाही. ज्यांना कोळंबीने अंगावर पित्त उठते, त्यांनी तर किड्यांच्या वाटेला जाऊच नये. पण मुंग्या वेचताना झाडावर चढून चावे घेणारा माणूस आपल्याला जेवायला बोलवत नाहीये; तो फक्त जेवतो आहे. त्याला जेवू द्या.