सांत्वन पुरे, लेख मागा

खचलेल्या लेखकाला भेटायला जाणाऱ्यांनी एक वाक्य कायमचं गिळून टाकावं: ‘वेळ जाऊ दे, लेखन आपोआप परत येईल.’ आपोआप काहीही येत नाही. माझी कादंबरी प्रकाशकाने स्वीकारली, तिची दुसरी प्रुफं मी लाल पेनाने तपासून दिली, आणि कुणीतरी आक्षेप घेतला म्हणून ‘सध्या थांबू या’ असा फोन आला. लेखी कारण आजतागायत नाही. त्यानंतर ओळी सुचायच्या, पण त्या कुणासाठी लिहायच्या तेच कळेना. समासातल्या माझ्याच खुणा, कुठे ऱ्हस्व-दीर्घ, कुठे ‘परिच्छेद जोडा’, पाहिल्या की पोटात ढवळायचं. इतक्या निगुतीने दुरुस्त केलेलं पान कुणालाच नको होतं.

मग उपदेश करणाऱ्यांची रीघ लागली. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तुला घरात बसून काय होतं? दुसऱ्याच्या तुरुंगवासाचा असा चाबूक करणं हा निव्वळ निर्दयपणा आहे.

पेरुमाळ मुरुगन यांचं उदाहरण तर हमखास देतात, तेही अर्धवट. ‘माधोरुबागन’ या तमिळ कादंबरीवरून नामक्कल भागात जातीच्या आणि धर्माच्या नावाने रान उठवलं गेलं, प्रशासनाच्या बैठकीत त्यांच्याकडून बिनशर्त माफी लिहून घेतली गेली, आणि जानेवारी २०१५ मध्ये आपल्यातला लेखक मेल्याचं त्यांनी जाहीर केलं. पुढे ते जिद्दीने परतले, असं सांगणारे मधलं सगळं गाळतात. त्यांचा प्रकाशक पाठीशी उभा राहिला. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांनी पुन्हा लिहावं, असं निकालपत्रातच म्हटलं. ‘पूनाच्ची’ ही कादंबरी आली ती त्यानंतर.

र. धों. कर्व्यांना १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर वकील असूनही दंड झालाच. तरी ‘समाजस्वास्थ्य’ १९५३ मध्ये ते जाईपर्यंत निघत राहिलं, कारण मासिक त्यांचं स्वतःचं होतं. पदरमोड करायचे, पण लेख छापाल का म्हणून कुणाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं. आम्हा बाकीच्यांना संपादक लागतो.

मी पुन्हा लिहू लागले ती एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंमुळे. त्यांनी माझी विचारपूस केली नाही. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांवर लेख हवा, गणपतीच्या आत हवा, मानधन अमुक, एवढंच बोलल्या. सुरुवातीचे परिच्छेद भिकार झाले. पण लालबागच्या चाळीत जाऊन, महिन्याच्या बोलीवर जेवणाऱ्यांचा हिशेब कसा ठेवायचात, हे विचारणं भाग होतं. एका आजींनी बोटांची पेरं मोजत उधारी कशी लक्षात ठेवायची ते दाखवलं, आणि त्या रात्री मी न थांबता लिहिलं.

१९०९ च्या ‘मनोरंजन’पासून मराठीत दिवाळीला लेख मागायची रीत आहे. एवढी मोठी सोय हाताशी असताना संपादक वर्षानुवर्षं त्याच त्या नावांना फोन करतात, आणि ज्याचं पुस्तक अडलं, आपटलं, त्याला यादीतून वगळतात. मानधनाचं विचारलं तर ‘नंतर बघू’. हे संतापजनक आहे. यंदा यादी करताना हल्ली कुठेच न दिसलेल्यांना आधी फोन लावा. विषय सांगा, शब्दसंख्या सांगा, तारीख सांगा, आणि मानधनाचा आकडा त्याच फोनवर सांगा.