अवघड जागेचा रंग

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपण सगळेच हसत हसत वापरतो. म्हण मजेशीर आहेच, पण तिच्यात जे गृहीत धरलंय ते मला फारसं मजेशीर वाटत नाही. दुखणं अवघड जागी असेल तर ते दाखवायचं नाही, बोलायचं नाही, निमूट सोसायचं. पुरुषांच्या बाबतीत तर हे फारच खरं. जांघेत किंवा लिंगावर त्वचेचा रंग बदललेला दिसला की बहुतेक पुरुष दोनच गोष्टी करतात. एक तर गप्प बसतात, नाहीतर औषधाच्या दुकानात जाऊन गर्दी ओसरायची वाट बघतात आणि हळू आवाजात एखादी ट्यूब मागतात. यातली दुसरी गोष्ट बऱ्याचदा पहिलीपेक्षाही वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे. (हे काका-मावश्याही वाचणार याची मला पूर्ण कल्पना आहे. वाचू देत. घरात तरुण मुलगे आहेत, त्यांनाही वाचायला द्या.)

आधी एक साधी गोष्ट. अंडकोश, लिंग आणि जांघेची त्वचा बाकीच्या अंगापेक्षा गडद असणं हा आजार नाही. वयात येताना हार्मोन्समुळे तिथल्या रंगपेशी जास्त काम करू लागतात, इतकंच. मार्शल आणि टॅनर या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९७० साली मुलग्यांच्या वयात येण्याचे टप्पे मांडले. अंडकोशाची त्वचा गडद होणं हे त्यात वाढीचं एक लक्षण म्हणूनच नोंदलेलं आहे. म्हणजे मिसरूड फुटणं, आवाज फुटणं याच माळेतला हा मणी. पण मिसरूड फुटली की कौतुक होतं, आवाज फुटला की थट्टा होते, आणि या तिसऱ्या बदलाबद्दल मात्र मुलाला कोणी चकार शब्द सांगत नाही. मुलीला निदान आई चार गोष्टी सांगते. मुलाला बाप काय सांगतो? बहुतेक घरांत काहीच नाही. मग तो बिचारा गोरं करणारं क्रीम तिथे लावून बघतो, आग होते, आणि तेही कोणाला सांगता येत नाही.

आता जो रंग खरोखर बदललेला असतो त्याविषयी. गंमत अशी की इथे प्रत्येक रंगाची गोष्ट वेगळी. जांघेत लालसर-तपकिरी, उठावदार कडेचा आणि खाजणारा चट्टा असेल तर बहुधा गजकर्ण, म्हणजे बुरशी. तसाच तपकिरी पट्टा पण खाज नाही, असं असेल तर कधी कधी तो एका जिवाणूचा प्रताप असतो. डॉक्टरांच्या खास दिव्याखाली तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. जांघेत, काखेत आणि मानेवर त्वचा मखमलीसारखी जाड आणि काळी होत असेल, तर साबणाने घासून उपयोग नाही. साखर तपासून घ्यावी.

आणि एक प्रकार तर संसार मोडायला पुरेसा आहे. काही जणांना विशिष्ट गोळीची ॲलर्जी असते. तापावरची, दुखण्यावरची, जुलाबावरची, एखादी अँटिबायोटिक, काहीही. ती गोळी घेतली की दरवेळी त्याच जागी लाल चट्टा उठतो, आणि बरा झाल्यावर काळपट डाग मागे ठेवतो. लिंगाचं टोक ही त्याची आवडती जागा. आता कल्पना करा, नवऱ्याच्या 'तिथे' अचानक डाग दिसला तर घरात काय महाभारत होईल! वास्तविक दोष असतो साध्या गोळीचा. पण डाग दाखवलाच नाही, तर हे कळणार कसं?

पांढऱ्या डागाचंही तेच. तो कोडाचा असू शकतो. कोड संसर्गजन्य नाही, संबंधातून तर मुळीच पसरत नाही. पण पांढरी पडलेली त्वचा पातळ, सुरकुतल्यासारखी झाली असेल आणि पुढची कातडी आवळत चालली असेल, तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजार असू शकतो. तो वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर क्वचित कॅन्सरपर्यंत जाऊ शकतो.

आता त्या ट्यूबकडे येतो. दुकानदार जे देतो त्यात अनेकदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टेरॉइड अशी खिचडी असते. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, गडी खूश होतो, आणि आतल्या आत बुरशी पसरत राहते. फेल्डमन आणि माइबाख यांनी १९६७ साली मोजून दाखवलं होतं, की हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या त्वचेतून जेवढं शोषलं जातं त्याच्या ४२ पट अंडकोशाच्या त्वचेतून शोषलं जातं. ४२ पट! मग तिथली त्वचा पातळ होते, लालबुंद होऊन जळजळते, आणि जांघेत जे ओरखड्यांसारखे पट्टे पडतात ते आयुष्यभर जात नाहीत. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या एका बुरशीचं नाव ठेवलं 'ट्रायकोफायटन इंडोटिनी'. नावात आपला देश आला, तोही असा! या खिचडी ट्यूबांचा बेसुमार वापर हे त्यामागचं एक कारण असावं, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत.

आणि खरी मेख पुढेच आहे. लायकेन स्क्लेरोससवर डॉक्टर जे पहिलं औषध देतात ते जोरदार स्टेरॉइडचं मलमच असतं. म्हणजे एकाला जे औषध, तेच दुसऱ्याला विष. कोणाला काय, हे ठरवायला तिसरा उपाय नाही. जाणत्या माणसाने उजेडात, डोळ्यांनी बघायलाच हवं. बहुतेक वेळा निदान व्हायला पाच मिनिटं पुरतात. तिथवर पोचायलाच माणसं दोन-दोन वर्षं लावतात.

यात सगळा दोष पुरुषांचा नाही. आपल्या दवाखान्यांवर पाटी असते 'त्वचा व गुप्तरोग'. त्या 'गुप्त' शब्दाखाली रांगेत उभं राहायचं, तेही ओळखीचं कोणी दिसणार नाही ना ही धास्ती घेऊन! नुसतं 'त्वचारोग' लिहिलं तर काय बिघडेल? भिंतींवर आणि रेल्वेच्या डब्यांत जाहिराती चिकटवणाऱ्या भोंदूंना मात्र हा 'गुप्त' शब्द फार लाभलाय.

असो. बापांनी मुलांशी एकदा बोलावं, बायकांनी संशयाआधी नवऱ्याला डॉक्टरकडे धाडावं, आणि पुरुषांनी ट्यूब मागण्याआधी डाग दाखवावा. आणि जावई खरंच त्वचेचा डॉक्टर असेल तर लाजू नका. त्याने दिवसभर तेच पाहिलेलं असतं.