वखारीतली मोटार आणि भंगाराचा काटा

निपाणीच्या एखाद्या जुन्या तंबाखूच्या वखारीची किंवा बेळगावच्या एखाद्या वाड्याची वाटणी निघाली, म्हणजे वर्षानुवर्षांची कुलपे उघडतात. तांब्यापितळेची भांडी मोजली जातात, देवघरातील चांदी तोळ्यावर जोखली जाते, शिसवी पलंगावरून सख्ख्या भावांत अबोला धरला जातो. आणि मागच्या पडवीत, गोणपाटाखाली, आजोबांची मोटार निघाली तर तिचा निकाल मात्र अर्ध्या तासात लागतो. भंगारवाला येतो, लोखंडाचा भाव सांगतो, नोटा मोजतो; जागा मोकळी झाली म्हणून घरची मंडळी समाधानाने हात धुतात. आमच्या मते हा शुद्ध अडाणीपणा आहे, आणि तो शिकल्यासवरल्या घरांत चालावा, ही अधिकच खेदाची गोष्ट आहे.

या मुलखात मोटारी काही आकाशातून पडल्या नाहीत. पुण्याहून बंगळूरला जाणारा हमरस्ता निपाणीवरून जातो. येथे तंबाखूच्या पेढ्या होत्या, बेळगावात लष्कराची छावणी होती, पलीकडे कोल्हापूरचा दरबार होता. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला आणि शेव्हरोलेट मोटार हिंदी गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आली. १९४७ पासून वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या गाड्या कुर्ल्याहून निघू लागल्या. छत्रपती राजाराम महाराजांसाठी जर्मनीहून आलेली मेबॅक आजही दसऱ्याच्या सोहळ्यात कोल्हापुरात मिरवते आणि लोक तिच्यासाठी गर्दी करतात. तीच गाडी एखाद्या वखारीत बेवारस सापडती, तर काट्यावर तिचेही वजनच भरले असते.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की सौद्याचा शब्द काढण्यापूर्वी गाडी ओळखावी. पुढच्या जाळीवरील नावावर भिस्त ठेवू नये. जाळी बदलता येते, नावही डकवता येते. बॉनेट उघडल्यावर समोरच्या पत्र्यावर कारखान्याची पट्टी असते. सांगाड्यावर आणि इंजिनावर आकडे ठोकलेले असतात. त्यांवर कागद धरून पेन्सिल घासली, की ते उमटतात. फोर्डच्या टी मॉडेलचा अनुक्रमांक इंजिनावरच असे, तेव्हा इंजिन बदललेले असेल तर तेही ध्यानात घ्यावे. मोठ्या गाड्यांचा सांगाडा एका कंपनीचा आणि वरची पेटी दुसऱ्याच कारागिराची असे. त्याची पट्टी बहुधा दाराच्या उंबऱ्याशी सापडते.

यानंतर कागद शोधावेत, आणि येथे सीमाभागाचा प्रश्न येतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. दरबारात नोंदलेली एखादी गाडी निपाणीच्या व्यापाऱ्याने घेतली असेल, तर सात-आठ वर्षांत तिच्यावर तीन राजवटींची सत्ता चालली. नोंदणीपुस्तक सापडत नाही, कारण ते अजून तिजोरीतल्या जमिनीच्या खरेदीखतांच्या गठ्ठ्यात पडलेले असते. दलाल म्हणतो, "कागद मेले, गाडी मेली." त्याला असे म्हणणे परवडते. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी आता व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक राखण्याची मुभा आहे, पण त्यासाठी जुने नोंदणीपत्र लागते. रद्दीत गेलेल्या त्या पुस्तकाची किंमत किती, हे आता कळावे! अर्थात अशी गाडी रोजच्या बाजारहाटाला नेता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, इंधन, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

उलट टोकाचा एक वर्गही आम्हांस ठाऊक आहे. गाडी सापडताच तो कोट्यवधींची स्वप्ने पाहतो. टी मॉडेलच्या गाड्या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक निघाल्या. जुनी म्हणून प्रत्येक गाडी दुर्मिळ ठरत नाही. त्याहून घातक तो उत्साह, जो लगेच रंगाचा डबा आणतो. आपल्या देवळांत हे आपण पुरेसे पाहिले आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणाच्या खांबांना तैलरंग फासला, गाभाऱ्याला न्हाणीघराच्या फरशा लावल्या, आणि वर देणगीदाराच्या नावाची पाटी! गाडीचेही तसेच होते. फ्रान्समध्ये २०१४ साली बेयाँ नावाच्या घराण्याच्या पडव्यांत सुमारे साठ गाड्या सापडल्या. २०१५ साली पॅरिसला त्यांचा लिलाव झाला, तेव्हा त्या धुळीसकट मांडल्या होत्या, आणि त्यांतील एक फेरारी दीड कोटी युरोंच्या वर गेली. आमच्याकडे ती आधी धुऊन, लाल रंगवून, मग विकायला काढली असती.

विकू नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्याला गाडी सांभाळण्याची ऐपत आणि हौस नाही, त्याने ती अवश्य विकावी. छपराखाली कुजत ठेवण्यापेक्षा ते बरे. पण राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी १९३४ साली बांधलेली 'स्टार ऑफ इंडिया' ही रोल्स-रॉइस घराण्याबाहेर गेली, परदेशी फिरली, आणि २०१० साली वंशजांना लिलावात बोली लावून ती परत आणावी लागली, हे आठवावे. राजघराण्यांना ते साधते. आपल्यासारख्यांना गेलेली वस्तू परत मिळत नाही.

आणि सौदा करणारा दादा एकटा मालक नसतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. पुण्याला वा मुंबईला दिलेल्या बहिणींना तारेतून कळवायचे दिवसही आता राहिले नाहीत. त्यांची लेखी संमती घ्यावी, पट्टीची आणि आकड्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, निदान तीन जाणकारांकडून किंमत मागवावी. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी विकली, तर ९० दिवसांच्या आत विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापल्या राज्याच्या परिवहन खात्याला कळवावे लागते. निपाणीची गाडी कोल्हापूरला गेली तरी ही दोन पत्रे दोन राज्यांत जायची आहेत. ती टपालात पडेपर्यंत किल्ली हातची सोडू नये.