मोटारीतला पहिला बिनतारी संच

जबलपूरहून एक वाचक लिहितात : "आमची कन्या हौशी बिनतारीची परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. सुट्टीत आम्ही मोटारीने दूरवर जातो. गाडीत बसविण्यासाठी पहिला संच कोणता घ्यावा? दुकानदार सर्वांत महाग तोच पुढे करतो."

कन्येचे अभिनंदन! 12 वर्षे पूर्ण झालेल्या कोणासही ही परीक्षा देता येते, हे इतर वाचकांच्याही ध्यानी असावे. मात्र दुकानात जाण्यापूर्वी दूरसंचार विभागाचा परवाना हाती आला पाहिजे. परवान्याच्या श्रेणीनुसार कोणत्या लहरींवर व किती शक्तीने बोलावयाचे, हे ठरलेले असते. वाहनातून बोलण्यासंबंधी त्यात काय म्हटले आहे, तेही नीट वाचावे. मगच संचाचा विचार करावा.

पहिला प्रश्न लहरींचा. दूरदेशीच्या मंडळींशी बोलण्याचा मोह नवशिक्याला आवरत नाही. परंतु 7 मेगाहर्ट्झची लहर 40 मीटरांहून लांब असते. तिच्या चतुर्थांशाएवढा, म्हणजे सुमारे 10 मीटरांचा दांडा मोटारीवर कसा उभा करणार? आखूड दांड्याला वेटोळे जोडून काम भागविता येते. पण मग बरीचशी शक्ती उष्णतेतच खर्ची पडते, आणि इंजिनाची खरखर ऐकावी लागते ती निराळीच. याउलट 144 ते 146 मेगाहर्ट्झची लहर जेमतेम 2 मीटरांची असते. तिला अर्ध्या मीटरचा दांडा पुरतो. म्हणून पहिला संच या 'दोन मीटर' पट्ट्याचा, एफ.एम. पद्धतीचा, साधा असावा. त्याच्या जोडीला 434 ते 438 मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला तर उत्तम; न मिळाल्यास अडत नाही.

या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आवाज क्षीण होतो. यासाठी हौशी मंडळी उंच जागी रिपीटर उभारतात. एका लहरीवर आलेले बोलणे तो दुसऱ्या लहरीवर पुन्हा प्रक्षेपित करतो. रिपीटर जागा करण्यासाठी लागणारा सूक्ष्म स्वर पाठविण्याची सोय संचात आहे ना, हे अवश्य विचारावे.

दुसरा प्रश्न शक्तीचा. 25 वॅटऐवजी 50 वॅटचा संच घेतला म्हणजे आवाज दुप्पट दूर जाईल, ही समजूत खरी नव्हे. ऐकणाऱ्याला तो फरक क्वचितच जाणवतो, आणि डोंगराआड तर दोन्ही सारखेच हतबल. 5 वॅटचा हातातला संच बंद मोटारीत दबल्यासारखा वाटतो. त्यालाच टपावरच्या एरियलची जोड दिली की तो खडखडीत बोलू लागतो. दुकानदार जे सांगत नाही, ते हेच : खर्च करावयाचा तो संचाच्या शोभेवर नव्हे, एरियल व जोडणीवर करावा.

एरियलची उत्तम जागा म्हणजे टपाचा मध्यभाग. खालचा पत्रा त्याच्या कामात वाटा उचलतो. चुंबकाच्या बैठकीचे एरियल भोक न पाडता बसते. पण टप पोलादी हवा. बसविल्यावर जाणकाराकडून मापकाने तपासून घ्यावे. एरियल जुळलेले नसेल तर शक्ती परत फिरते आणि संचाला इजा पोचू शकते.

50 वॅटचा संच बोलताना सुमारे 10 अँपिअर वा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. सिगारेट पेटविण्याच्या खोबणीवर एवढा भार टाकू नये. जाड तारा थेट बॅटरीपासून आणाव्या व बॅटरीच्या निकट फ्यूज घालावा. तार घासून उघडी पडली, तर आग टाळणारा तो फ्यूजच. तारा एअरबॅगच्या वाटेत येऊ देऊ नयेत. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास बोलत बसल्यास सकाळी गाडी ढकलावी लागेल. आणि बोलावयाचे ते गाडी चालविणाऱ्याने नव्हे, शेजारी बसणाऱ्याने.

एवढी दक्षता हौसेखातर कशाला, असे कोणी विचारील. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीने अंदमानला तडाखा दिला, तेव्हा भारती प्रसाद ही हौशी बिनतारी चालिका पोर्ट ब्लेअरला होती. ती आपल्या छंदासाठी तेथे गेली होती. नेहमीचे दळणवळण कोलमडले असता तिच्या संचाने बेटावरचे निरोप मुख्य भूमीकडे पोचविले. संच लावलेला होता, चालू होता आणि चालविणारी तरबेज होती, म्हणून हे घडले. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

तेव्हा जबलपूरच्या आमच्या वाचकांनी साधा संच घ्यावा, उरलेले पैसे चांगल्या एरियलवर व तारांवर खर्चावे, आणि कन्येला दर आठवड्यास थोडा वेळ बोलण्याचा सराव ठेवण्यास सांगावे. घाटात एखाद्या रात्री मोबाईल मुका झाला, तर त्या सरावाचे मोल कळेल.